डोमेन कोणाच्या नावावर आहे, एकदा बघून घ्या

आम्हाला सगळ्यात जास्त फोन येतात ते "नवीन साइट माझ्या लॅपटॉपवर दिसते पण मिसेसच्या मोबाइलवर अजून जुनीच येते" असे. बिघाड काही नसतो, डीएनएस, म्हणजे डोमेनच्या (साइटच्या नावाच्या) जागी तिचा नंबर शोधून देणारी यंत्रणा, असंच चालतं. कॉम्प्युटरला नाव कळत नाही, आयपी नंबर (इंटरनेटवरच्या मशीनचा नंबर) लागतो, म्हणून तुम्ही पत्ता टाकला की आधी तुमच्या इंटरनेटवाल्याच्या रिझॉल्व्हरला, म्हणजे नंबर शोधून देणाऱ्या मशीनला, विचारणा होते, त्याला माहीत नसेल तर तो सगळ्यात वरच्या, रूट सर्व्हरला विचारतो (ए ते एम अशी 13 नावं, मशीन मात्र जगभर शेकड्यांनी), रूट म्हणतो डॉट इनवाल्यांकडे जा, ते तुमच्या नेमसर्व्हरकडे (तुमच्या डोमेनची नोंद जिथे असते त्या मशीनकडे) पाठवतात आणि तिथे एकदाचा नंबर मिळतो. हे उत्तर रिझॉल्व्हर टीटीएल, म्हणजे ठरवून दिलेली मुदत, संपेपर्यंत जपून ठेवतो, टीटीएल 86400 सेकंद असेल तर अख्खा दिवस, आणि ज्याच्याकडे जुनं उत्तर जपलेलं आहे त्याला तोवर जुनीच साइट दिसते. म्हणून साइट हलवायची असेल तर दोन दिवस आधी सांगा, आम्ही टीटीएल कमी करून ठेवतो.

आता धोक्याचं. 1983 साली ही सिस्टीम आली तेव्हा उत्तर खरं की खोटं हे तपासायची सोयच नव्हती. 2008 मध्ये डॅन कामिन्स्की या सुरक्षा संशोधकाने दाखवलं की रिझॉल्व्हरच्या साठवणीत खोटं उत्तर किती सहज घुसवता येतं, मग मोठमोठ्या कंपन्यांना घाईघाईने एकाच वेळी पॅच (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या) काढावे लागले. यावरचा उपाय डीएनएसएसईसी, म्हणजे उत्तरावर डिजिटल सही. रूटवर ती 2010 पासून आहे, तुमच्या डोमेनवर मात्र कोणीतरी चालू करावी लागते. सांगा, करून देतो, वेगळे पैसे नाहीत.

पण खरं सांगू का, छोट्या धंदेवाल्याचं डोमेन असल्या हुशारीने जात नाही, रजिस्ट्रारच्या, म्हणजे ज्या कंपनीकडून डोमेन घेतलं तिच्या, लॉगिनमधून जातं. डोमेन कधीकाळी भाच्याने नाहीतर जुन्या डिझायनरने स्वतःच्या जीमेलवर घेतलेलं असतं, रिन्यूअलचे मेल त्यालाच जातात, पासवर्ड कोणालाच आठवत नाही. त्या लॉगिनमध्ये जो शिरला तो एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोचवायचे ही नोंद) बदलून तुमचे मेल स्वतःकडे वळवतो, मग मेलवर येणारे ओटीपी आणि पासवर्ड रीसेट सगळं त्याचंच. वर एसएसएल सर्टिफिकेटही (साइट सुरक्षित असल्याचा ब्राउझरला पटणारा दाखला) त्याला मिळतं, कारण साधं सर्टिफिकेट देणारे फक्त डोमेन ताब्यात आहे का एवढंच तपासतात, म्हणजे खोट्या साइटलाही ब्राउझर सुरक्षितच म्हणणार! बँकांचं वेगळं, रिझर्व्ह बँकेने त्यांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत डॉट बँक डॉट इनवर जायला सांगितलं होतं आणि ते नाव कोणालाही विकत मिळत नाही.

तेव्हा रजिस्ट्रारला तुमचाच मेल आणि मोबाइल नंबर आहे का बघा, टू-स्टेप लॉगिन (पासवर्डनंतर कोडही मागणारं) आणि ट्रान्स्फर लॉक (डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवू न देणारं) चालू करा, आणि तो मेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका, डोमेन गेलं तर तोही जातो. तुमच्या दुकानातल्या राउटरचा पासवर्ड अजून अॅडमिन-अॅडमिन असेल तर तोही आजच बदला, कोणी आत शिरून तिथला डीएनएस बदलला तर दुकानातला प्रत्येक फोन त्याच्याच रिझॉल्व्हरला विचारत बसतो. जमत नसेल तर आमच्या दुकानात या, बसून करू, फक्त ओटीपी आम्हालाही सांगू नका, स्वतःच टाका.