नॉयश्वानश्टाइन

जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात, आल्प्सच्या पायथ्याशी, फ्यूसन गावाजवळच्या कड्यावर बांधलेला राजा दुसरा लुडविग याचा राजवाडा. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये १९५५ साली उभा राहिलेला ‘झोपलेल्या राजकन्येचा’ किल्ला मुख्यतः यावरूनच सुचला. परीकथेतला राजवाडा म्हटले की आज निमुळते मनोरे आणि निळसर छपरे डोळ्यांपुढे येतात, त्याला हा वाडा बराचसा कारणीभूत आहे.

रूप मध्ययुगीन असले तरी वास्तू १९ व्या शतकातली. १८६६ च्या युद्धात प्रशिया या जर्मन राज्याने बव्हेरियाला हरवल्यावर लुडविगच्या हाती सत्ता नावापुरतीच उरली. मग ज्या जगात आपली राजेशाही अबाधित असेल, ते त्याने बांधायला घेतले. १८६९ मध्ये पायाभरणी झाली. वाड्याची कल्पनाचित्रे काढली ती रंगभूमीचे नेपथ्य करणाऱ्या क्रिस्टियान यांक याने. एडुआर्ट रीडेल या वास्तुविशारदाने त्यावरून आराखडे केले. लुडविग रिचर्ड वाग्नरच्या संगीतिकांचा वेडा चाहता आणि आश्रयदाता होता. त्यामुळे पुढे एका कल्पित जगाला रूप देणारा हा वाडा स्वतःच मुळात रंगमंचावरून उतरलेला आहे, आणि हेच त्याचे खरे वैशिष्ट्य मानावे लागेल.

दिवाणखाना आणि अभ्यासिका यांच्या मधोमध चक्क एक कृत्रिम गुहा आहे, चुनखडीच्या गुहेत लोंबतात तशा नकली सुळक्यांसकट. शयनगृहातल्या पलंगावर लाकडात कोरलेल्या गॉथिक कळसांची दाटी आहे आणि तिथल्या हात धुण्याच्या कुंडावर हंस. बाहेरून चुनखडी दिसते, पण भिंती विटांच्या आहेत. गरम हवेने खोल्या उबदार ठेवण्याची सोय, नळाचे पाणी, नोकरांना बोलावण्यासाठी विजेच्या घंटा आणि जेवण वर नेणारा पाळणा ही सारी त्या काळातली अद्ययावत साधने. सिंहासनाचे दालन सजले. सिंहासन मात्र कधीच आले नाही.

बांधकामासाठी राजाने खाजगी कर्ज काढले आणि ते फिटेना. जून १८८६ मध्ये त्याला वेडा ठरवून पदच्युत केले गेले. १३ जूनला श्टार्नबेर्ग सरोवरात त्याचा मृतदेह सापडला. ज्या एकांतासाठी त्याने वाडा बांधला, तो सात आठवड्यांत तिकीट लावून लोकांना खुला झाला. बेतलेला उंच मनोरा आणि देवघर झालेच नाहीत. ‘नॉयश्वानश्टाइन’ हे नावही त्याच्या मृत्यूनंतर रूढ झाले.

२०२५ मध्ये लुडविगचे राजवाडे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. रायगड, राजगड, जिंजी यांसह मराठ्यांच्या १२ किल्ल्यांची नोंदही पॅरिसमधल्या त्याच अधिवेशनात झाली.