कोशातल्या उलट्या 'ई'ची पूर्वपीठिका

इंग्रजी शब्दकोशात शब्दाशेजारी दोन तिरप्या रेघांमध्ये चमत्कारिक अक्षरं असतात. त्यात एक उलटं केलेलं रोमन ई हमखास दिसतं. बहुतेक जण ती ओलांडून थेट अर्थावर जातात. खरं तर ही उच्चार दाखवणारी लिपी मास्तरांच्या गरजेतून आली.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शाळांत परकी भाषा म्हणजे व्याकरण घोकणं आणि उतारे भाषांतरित करणं. मुलं वाचायची, बोलायची वेळ आली की गप्प. १८८२ साली जर्मनीत विल्हेल्म फिएटर यांनी टोपणनावाने पुस्तिका काढून या पद्धतीवर कोरडे ओढले. १८८६ मध्ये पॅरिसला पॉल पासी आणि काही भाषाशिक्षकांनी संघटना काढली. पुढे तीच आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटना झाली. या मंडळींचा उत्साह असा, की आपलं मासिकही त्यांनी उच्चारलिपीतच छापलं! सुरुवातीला या लिपीतल्या एकाच अक्षराचा उच्चार भाषेगणिक बदलायचा. मग सगळ्या भाषांना एकच वर्णमाला ठरली, १८८८ मध्ये.

इंग्रजीत ती रुजवली लंडनचे ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्स यांनी. १९१३ मध्ये मायकेलिस यांच्यासोबत केलेल्या त्यांच्या कोशात शब्द उच्चाराच्या क्रमाने लावले होते. म्हणजे उच्चार ठाऊक असेल तरच शब्द सापडणार; शिकणाऱ्याची पंचाईतच. १९१७ च्या उच्चारकोशात त्यांनी क्रम उलटवला: आधी स्पेलिंग, मग उच्चार. तो कोश पुढे पिढ्यानपिढ्या वापरला गेला.

आपल्याकडे इंग्रजी उच्चार दाखवायचं काम देवनागरीवर सोपवलं गेलं. 'बॅट', 'बॉल'साठी ॲ आणि ऑ आले, बरंच भागलंही. पण देवनागरीही सगळं सांगत नाही. पाण्याचा जग आणि अवघं जग, दोन्हींत 'ज' एकच लिहितो, उच्चार वेगळा. तिथे आपला कान तयार असतो, म्हणून अडत नाही. इंग्रजीत अडतं. 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट'मधला फरक लिहिता येतो, तरी तोंडात एकच 'व' येतो. आणि जोर कुठल्या अवयवावर, म्हणजे शब्दाच्या उच्चारातल्या कुठल्या तुकड्यावर, हे दाखवायची सोयच नाही.

'फोटोग्राफर' हा शब्द कोशात काढून पाहा. जोराची बारीक उभी रेघ दुसऱ्या अवयवाआधी, आणि ब्रिटिश उच्चारात उलटं ई, म्हणजे पुसटसा 'अ', तीनदा: साधारण 'फटॉग्रफ', शेवटचा 'र' जवळपास गायब. लग्नाच्या हॉलमध्ये मात्र चारही अवयवांना सारखाच मान देऊन आपण हाक मारतो, "अहो फोटोग्राफर!"