बालगृहातली तक्रार: समितीची चौकशी आणि पोलिसांचा तपास

एखाद्या बालगृहातल्या मुलावर अत्याचार झाल्याची बातमी नाशिकच्या वर्तमानपत्रात येते, तेव्हा तिच्या शेवटच्या ओळीत बहुधा ‘चौकशी सुरू आहे’ एवढेच असते. ही चौकशी बालकल्याण समितीची, महिला व बाल विकास विभागाची की पोलिसांची, हे त्यावरून कळत नाही. एरवी आपण चौकशी आणि तपास हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो आणि त्याने काही बिघडत नाही. बालगृहाच्या बाबतीत मात्र फार बिघडते, कारण ‘आधी आमची चौकशी पूर्ण होऊ द्या, मग पोलिसांकडे जाऊ’ हे वाक्य याच गोंधळाच्या आधारावर उभे राहते, आणि लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीत अशा थांबण्याला कायद्याने जागा ठेवलेली नाही.

तपास पोलिसांचा. गुन्हा नोंदवणे, जबाब घेणे, वैद्यकीय तपासणी करवून घेणे, पुरावा गोळा करून विशेष न्यायालयात दोषारोपपत्र दाखल करणे हे त्याचे टप्पे, आणि गुन्हा घडला का व कोणी केला हा त्याचा विषय. बालकल्याण समितीची चौकशी वेगळ्याच प्रश्नांची असते. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, त्यामुळे ती आरोपीचा निवाडाही करील असे अनेकांना वाटते. पण कोणाला दोषी ठरवणे हे तिचे काम नाही. हे मूल आज रात्री कोठे झोपेल, त्याच खोलीतल्या इतर मुलांचे काय, त्यांना कोणाच्या ताब्यात द्यायचे, हे तिने ठरवायचे असते. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी आणि जिल्हा बाल संरक्षण अधिकारी यांची चौकशी संस्थेची, म्हणजे नोंदवह्यांची, कर्मचाऱ्यांच्या नेमणुकांची आणि संस्थेच्या नोंदणीची असते.

समजा, पेठ तालुक्यातला अकरा वर्षांचा एक मुलगा नाशिक शहरातल्या बालगृहात राहतो. परिवीक्षा अधिकारी, म्हणजे मुलांची परिस्थिती पाहून अहवाल देणाऱ्या अधिकारी, भेटीला आल्या आहेत. रात्रपाळीच्या काळजीवाहकाचे नाव निघाले की हा मुलगा पायाच्या अंगठ्याने फरशी उकरू लागतो, आणि बऱ्याच वेळाने खाली बघत दोन वाक्ये सांगतो. आता या अधिकाऱ्याने काय करायचे? तिची पहिली ऊर्मी खात्री करून घेण्याची असते: अधीक्षकांना विचारावे, शेजारच्या पलंगावरच्या मुलाला विचारावे, याच मुलाला पुन्हा एकदा सगळे नीट सांगायला लावावे. हेतू चांगला असतो, पण इथेच तिची चौकशी पोलिसांच्या तपासाची जागा घेऊ लागते. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याचे कलम १९ खात्री मागत नाही. गुन्हा घडल्याची माहिती असली किंवा घडण्याची धास्ती वाटली, तरी विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलीस ठाण्याला कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला मात्र पूर्ण संरक्षण आहे.

मुलाचे शब्द त्याने उच्चारले तसेच, तारीख आणि वेळ घालून लिहून ठेवणे आणि तिथेच थांबणे, हे या अधिकाऱ्याचे खरे कर्तव्य. चार जणांनी चार वेळा विचारले की मूल चार तऱ्हांनी सांगते, तो फरक पुढे उलटतपासणीत त्याच्याच विरुद्ध वापरला जातो, आणि प्रत्येक वेळी त्याला ती रात्र पुन्हा भोगावी लागते ते निराळेच.

पोलिसांकडे खबर गेल्यावर समितीचे काम संपत नाही. पोलिसांनी २४ तासांच्या आत समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते. मूल बालसंगोपन संस्थेत राहणारे आणि पालकांचा आधार नसलेले असेल, तर २०२० च्या पोक्सो नियमांनुसार तेवढ्याच मुदतीत त्याला समितीपुढे हजरही करायचे असते. या टप्प्यावर समितीने एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याने निवडलेल्या ठिकाणी, गणवेश न घातलेल्या, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, त्याच्या विश्वासातल्या व्यक्तीसमोर घ्यावा असे कायदा सांगतो. पण बालगृहातल्या मुलाचे घर म्हणजे तेच बालगृह. शेजारच्या खोलीत अधीक्षक बसलेले, जिन्यावर काळजीवाहकाच्या चपला, अशा जागी हे मूल काय बोलणार? म्हणून त्याच्यासाठी वेगळी जागा आणि तपासात व खटल्यात सोबत करणारी, संस्थेबाहेरची सहायक व्यक्ती मिळवून देणे, हे समितीच्या हातातले फार मोठे काम आहे.

या दोन वाटा एकमेकींत अडकल्या की काय होते, हे बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या निवारागृहातल्या मुलींवरील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात देशाने पाहिले. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पथकाने निवारागृहांच्या पाहणीचा अहवाल एप्रिल २०१८ मध्ये समाजकल्याण विभागाला दिला, आणि गुन्हा नोंदला गेला ३१ मे रोजी. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले. त्यांत तिथल्या बालकल्याण समितीचा माजी अध्यक्ष आणि बाल संरक्षण कक्षाचा अधिकारी होता, आणि माहिती न कळवल्याबद्दल दोषी ठरलेली एक वरिष्ठ अधिकारीही होती. ज्यांच्या चौकशीवर भिस्त ठेवायची, तेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते. तपास स्वतंत्र का हवा याचे याहून ठोस उत्तर मला सुचत नाही.

तरीही चौकशी दुय्यम आहे असे मी म्हणणार नाही. मारहाण, उपाशी ठेवणे, अंधाऱ्या खोलीत कोंडणे असे प्रकार बहुतेकदा तिच्यातूनच उघडकीस येतात. समितीने निवासी संस्थांना महिन्यातून किमान दोन भेटी द्याव्यात आणि संस्थांच्या पाहणीसाठी शासनाने नेमलेल्या वेगळ्या तपासणी समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा पाहणी करावी, असे कायद्यातच आहे. शारीरिक शिक्षेच्या तक्रारीत संस्थेने चौकशीला सहकार्य केले नाही, तर प्रमुखाला किमान तीन वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. मी पाहिलेल्या एका बालगृहात तक्रारपेटी अधीक्षकांच्या दाराला लागूनच टांगलेली होती, तिच्या फटीवर धूळ साचली होती आणि किल्ली अधीक्षकांच्याच खणात होती. पोलीस अशा पेटीसाठी येणार नाहीत. भेटीला आलेल्या सदस्याला ती दिसली पाहिजे.

नाशिकमध्ये आणखी एक गल्लत होते. सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वरकडच्या आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे तिथली प्रशासकीय चौकशी वेगळ्या कार्यालयाची असते. पोक्सोखालची खबर मात्र तिथूनही तशीच, तितक्याच तातडीने पोलिसांना गेली पाहिजे.

दोन्हींचे शेवटही वेगळे असतात. पेठच्या त्या मुलाच्या खटल्यात उद्या पुराव्याअभावी आरोपी सुटला, तरी त्यामुळे संस्थेला आपोआप निर्दोषपणाचा दाखला मिळत नाही. रात्रपाळीला एकच माणूस का होता, मुलगा जेवत नसल्याची नोंद कोणी का केली नाही, हे प्रश्न विभागापुढे उभेच राहतात, आणि मुलाला त्याच बालगृहात परत पाठवायचे की दुसरीकडे, हे समितीला त्याला जवळ बसवून, त्याचे म्हणणे ऐकूनच ठरवावे लागते.