चोर्ल्यापलीकडची बंदूक: गोव्याच्या सशस्त्र लढ्याची पार्श्वभूमी

दरवर्षी १९ डिसेंबर आला की व्हॉट्सअपवर तेच फिरतं, भारतीय सैन्य घुसलं आणि ३६ तासात गोवा मोकळा. सैन्याबद्दल मला अभिमानच आहे, पण हे वाक्य दरवेळी टोचतं. आम्ही बेळगाव-खानापूरकडची माणसं, आम्हाला गोवा घाटाच्या वरच्या अंगानं माहीत, आणि इथनं बघितलं की ते ३६ तास म्हणजे शेवटचं पान वाटतं, त्याच्या आधीची वही कुणी उघडतच नाही.

आधी रस्ता बघा. बेळगावातनं जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरला की लागते सत्तरी, म्हणजे गोव्याचा घाटाखालचा तालुका. आज पोरं वीकेंडला तिथनं गाडी काढून पणजीला जातात. ही सत्तरी राणे घराण्याची. १८५२ ला दीपाजी राण्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध बंड केलं. १८९५ ला मराठा शिपायांना मोझांबिकला लढायला पाठवायचं ठरलं तर त्यांनी नकार दिला, बंदुका घेऊन बाहेर पडले, राणे त्यांना मिळाले, आणि ते बंड मोडायला पोर्तुगालच्या राजानं स्वतःच्या भावाला फौज देऊन पाठवलं, सख्ख्या भावाला. एवढी धास्ती! राण्यांचं शेवटचं बंड १९१२ चं. म्हणजे विसाव्या शतकात गोव्यात बंदूक काय बाहेरनं कुणी आणून दिली नाही, ती तिथं होतीच.

मग पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार आला. १९३० च्या वसाहत कायद्यानं गोवेकर कागदोपत्रीसुद्धा खालच्या पायरीवर गेले, सभा नाही, पेपर नाही, लग्नपत्रिका छापायची तरी सेन्सॉरचा शिक्का लागायचा. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. लोहियांनी भाषणबंदी मोडली, ती ठिणगी. पण टी. बी. कुन्यांसारख्या गोव्याच्या पुढाऱ्याला ८ वर्षांची शिक्षा देऊन थेट पोर्तुगालच्या किल्ल्यात नेऊन टाकलं, तेव्हा तरुण पोरांच्या लक्षात आलं की इथं इंग्रजांसारखा कोर्टाचा आणि पेपरचा खेळ चालणार नाही. १९४७ ला आझाद गोमंतक दल उभं राहिलं, विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी, नारायण नाईक, दत्तात्रय देशपांडे ही त्यातली नावं. चौक्यांवर हल्ले, हत्यारं पळवणं, आणि मागं लागले की हद्दीपार जंगलात.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली अशाच छोट्या तुकड्यांनी घेतली, सुधीर फडके म्हणजे आपले बाबूजी त्यात होते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. दादऱ्याच्या चौकीवर आनिसेतु रोझारियु हा अधिकारी मेला. हे पण सांगायला पाहिजे, कारण चौक्यांवरचे पुष्कळ शिपाई इथल्याच मातीतले होते, आणि छळ करण्यात ज्याचं नाव सगळ्यात बदनाम तो पोर्तुगीज पोलिसांतला काझिमिरो मोंतेरो, तो सुद्धा गोव्यातच जन्मलेला. सशस्त्र लढा म्हटलं की एका बाजूला गोरे आणि एका बाजूला आपण असं चित्र डोळ्यासमोर येतं, तसं ते नव्हतं.

१९५५ हे वळणाचं वर्ष. फेब्रुवारीत आझाद गोमंतक दलाचा बाळा राया मापारी पोलीस कोठडीत मारहाणीनं मेला. १५ ऑगस्टला हजारो सत्याग्रही हातात फक्त झेंडे घेऊन हद्दीत शिरले, पत्रादेवीला, तेरेखोलला आणि आमच्या बाजूनं कॅसलरॉकवरनं रेल्वेच्या रुळावरनं चालत, आणि पोर्तुगीजांनी सरळ गोळ्या घातल्या. एका दिवसात वीसपेक्षा जास्त माणसं गेली. माझे आजोबा लोंढ्याला रेल्वेत होते, त्यांच्याकडनं लहानपणी ऐकलंय, त्याच्या आधी कॅसलरॉकला कस्टमवाले बायकांच्या ट्रंका उघडून साड्यांच्या घड्या मोडायचे, आणि त्यानंतर गाडीच बंद, रूळ तेवढे खाली दूधसागरकडं गेलेले, त्याच्यावर गवत वाढलेलं. हे सांगताना ते गप्प व्हायचे.

त्यानंतर नेहरूंनी सामुदायिक सत्याग्रह थांबवले. म्हणजे मोकळ्या हातांचा रस्ता दोन्हीकडनं बंद झाला, आणि मग गोव्याच्या आतल्या पोरांकडं काय उरलं सांगा? बॉम्ब, खाणींवरचे हल्ले, चौक्या. हिंसा बरोबर का चूक याच्यावर बसल्या जागी मत देणं सोपं आहे, पण आधी तो १५ ऑगस्ट वाचून मग बोलावं असं मला मनापासून वाटतं.

आणि एक लढा गोळीशिवायचा पण याच जंगलातला. २५ नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या रानातनं, नंतर कॅसलरॉककडनं एक गुप्त रेडिओ चालायचा, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो चालवायचे. ट्रान्समीटर होता दादरा-नगर हवेलीत पोर्तुगीजांकडनं मिळालेल्या वायरलेस सेटमधनं तयार केलेला. आंबोलीचा पाऊस ज्यानं बघितलाय त्यालाच कळेल, त्या ओलीत मशीन कोरडं ठेवायचं आणि रोज पोर्तुगीज आणि कोकणीत बातम्या द्यायच्या, एक-दोन दिवस नाही, ६ वर्षं.

डिसेंबर १९६१ ला बेळगाव म्हणजे छावणीच झालेली. जनरल कॅंडेथ यांची १७ वी डिव्हिजन आणि ५० पॅरा (छत्रीधारी) ब्रिगेड इथं जमली, सांबऱ्याच्या विमानतळावरनं हंटर विमानं उडाली आणि १८ तारखेला बांबोळीचं वायरलेस स्टेशन उडवलं. एक तुकडी अनमोडकडनं मोलेला उतरली, दुसरी दोडामार्गाकडनं, त्यातली २ पॅरा ही मूळची मराठा बटालियन. सालाझारनं शेवटच्या माणसापर्यंत लढा म्हणून तार पाठवलेली, गव्हर्नर व्हासालु इ सिल्व्हानं ती मानली नाही आणि १९ च्या रात्री सही केली. शरणागतीची बातमी लिबिया आणि वामन यांनी विमानातनं लाऊडस्पीकरवर गोव्यावर फिरून सांगितली.

पण मोहन रानडेंना ती ऐकायला मिळाली नाही. सांगलीचा हा माणूस, मूळ नाव मनोहर आपटे, गोव्यात मराठी शिकवणारा मास्तर, ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून सापडला. २६ वर्षांची शिक्षा. गोवा सुटला तेव्हा ते लिस्बनजवळच्या काशियसच्या तुरुंगात होते आणि तिथंच राहिले, अजून ७ वर्षं. बाबूजींनी इथं त्यांच्यासाठी जिवाचं रान केलं, तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी तर पोपकडं शब्द टाकला, आणि जानेवारी १९६९ ला ते सुटले. आभार मानायला मद्रासला पोचेपर्यंत ३ फेब्रुवारीला अण्णादुराई गेलेले होते.