दोन १ मे आणि एक डॉक्टर

१ मेला सकाळपासून पुण्या-मुंबईचे नातेवाईक महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा पाठवत राहतात. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी माणसाने त्यावर काय उत्तर द्यावं? आपण राहतो गुजरातेत, आणि त्याचाही स्थापना दिन हाच. त्यात बडोद्यापुरती ही तारीख आणखी अकरा वर्षं जुनी आहे. १ मे १९४९ रोजी गायकवाडांचं बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. पहिल्या १ मेच्या आधी बडोद्याच्या सरकारचे प्रमुख असलेले डॉ. जीवराज मेहता दुसऱ्या १ मेला, १९६० साली, गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. आपल्याकडे सयाजीरावांच्या आठवणींना तोटा नाही, पण संस्थानाचा शेवटचा अध्याय सांगताना या माणसाचं नाव सहसा राहून जातं.

जीवराजभाई परके नव्हते. जन्म अमरेलीचा, २९ ऑगस्ट १८८७. आज अमरेली म्हटलं की सौराष्ट्र आठवतं, पण तेव्हा ती गायकवाडी होती. कडी, बडोदे, नवसारी, अमरेली असे संस्थानाचे प्रांत एकमेकांपासून तुटलेले, विखुरलेले होते. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सयाजीरावांनी प्रथम १८९३ साली केला तो याच अमरेलीत, तेव्हा जीवराज सहा वर्षांचे होते. संपूर्ण संस्थानात तो कायदा १९०६ साली लागू झाला.

मुंबईत डॉक्टरी शिकून ते टाटांच्या शिष्यवृत्तीवर लंडनला गेले. तिथे १९१४ साली एक हट्टी रोगी त्यांच्या वाट्याला आला, मोहनदास गांधी. दूध आणि धान्य खा, असं डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं, रोग्याने ऐकलं नाही. हा किस्सा गांधींनी आत्मकथेतच लिहून ठेवला आहे. त्यांचं नातं मात्र टिकलं. परळच्या केईएम रुग्णालयाचे आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे ते पहिले डीन. शिकवणारे सगळे भारतीयच हवेत, ही देणगीदारांच्या बाजूची अट होती. मुंबईच्या मराठी डॉक्टरांच्या कितीतरी पिढ्या त्याच आवारात घडल्या. ती जागा उभी करणारा माणूस पुढे गुजरातचा मुख्यमंत्री झाला, हे तिथल्या किती जणांच्या गावी असेल, शंका आहे.

बडोद्याशी नातं लग्नानेही जुळलं. पत्नी हंसाबेन या दिवाण मनुभाई मेहतांच्या कन्या. आडनाव दोन्हीकडे मेहता असलं तरी जात एक नव्हती. मुलगी नागर ब्राह्मण, मुलगा वाणी. १९२०च्या दशकात नागरांना हे पचणं कठीणच होतं, बरंच वादळ उठलं. सयाजीराव या जोडप्याच्या पाठीशी राहिले. संस्थानिक आणि काँग्रेसवाले यांचं जमत नसे, असं आपण सरसकट म्हणून टाकतो. बडोद्यात ते धागे असे घरातून गेलेले होते.

सासरे जिथे दिवाण होते तिथे जावई ४ सप्टेंबर १९४८ला कारभारी म्हणून आले. फरक मोठा होता. सासऱ्यांना महाराजांनी नेमलं होतं, जावयाला प्रजामंडळाच्या, म्हणजे लोकांच्या हाती कारभार मागणाऱ्या संघटनेच्या, मागणीपुढे नमून आणावं लागलं. गादीवर तेव्हा सयाजीरावांचे नातू प्रतापसिंहराव होते. खजिन्यातून काढलेल्या पैशांचा आणि परदेशी गेलेल्या दागिन्यांचा हिशेब मागितला जात होता. सयाजीरावांनी १९०७च्या सुमारास जी धारासभा, म्हणजे विधिमंडळ, दिली, तिला खरे अधिकार फारसे नव्हते. चाळीस वर्षांनी तीच धारासभा महाराजांना जाब विचारू लागली. वर्ष उलटायच्या आत संस्थानच राहिलं नाही. महाराजांना सालाना साडेसव्वीस लाखांचा तनखा ठरला. हुजूर कचेरीत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, त्या मराठी कुटुंबांच्या पायाखालची जमीन तेव्हा सरकली. विलीनीकरणाबद्दल जुन्या वाड्यांत जो कडवटपणा उरला तो मला समजतो. तरी त्याचं खापर जीवराजभाईंवर फोडणं अन्यायाचं वाटतं. गादी आतून पोखरली गेली होती, ते आले तेव्हा निरवानिरवच उरली होती.

पुढे ते मुंबई राज्यात मंत्री झाले, यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री. हंसाबेन मात्र बडोद्यात होत्या, १९४९ला स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू म्हणून, १९५८पर्यंत. म्हणजे नवरा मंत्रालयात आणि बायको विद्यापीठात, दोघंही सयाजीरावांनी लावलेल्या झाडाखाली. १ मे १९६० रोजी एकाच मंत्रिमंडळातले दोघे दोन राज्यांचे मुख्यमंत्री झाले, मुंबईत चव्हाण आणि अहमदाबादेत मेहता.

मुख्यमंत्रिपद जेमतेम साडेतीन वर्षं टिकलं. तेवढ्यात पंचायत कायदा १९६१ला आला आणि १ एप्रिल १९६३पासून अमलात आला. बडोद्याने मात्र त्यांची आठवण ठेवायला हवी ती कारखान्यांसाठी. अंकलेश्वरला तेल लागलं, आणि बडोद्याजवळच्या कोयली रिफायनरीची कोनशिला १० मे १९६३ला नेहरूंनी बसवली. बाजव्याचा खत कारखाना उभारणारी कंपनीही १९६२चीच. राजवाडा, विद्यापीठ आणि पेन्शनर यांचं हे गाव पाळीच्या भोंग्यावर उठू लागलं ते त्यानंतर. कचेरीतल्या कारकुनांची पुढची पिढी तिथेच नोकरीला लागली.

विरोधकांपेक्षा पक्षातल्यांनीच त्यांना जास्त छळलं. मोरारजीभाईंच्या गोटाशी त्यांचं जमलं नाही. सप्टेंबर १९६३मध्ये ते पायउतार झाले आणि बळवंतराय मेहता आले. जीवराजभाईंना उच्चायुक्त करून लंडनला पाठवण्यात आलं, ज्या शहरात कधीकाळी ते शिष्यवृत्तीवर शिकले होते. १९७१ला, वयाच्या ८३व्या वर्षी, ते लोकसभेवर निवडून आले. मतदारसंघ होता अमरेली.