पाठाच्या प्रस्तावनेचे प्रश्न आले कुठून?

डी.एड.चा सराव पाठ पाहिला असेल, तर हे ओळखीचं वाटेल. छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक व्हायला शिकणारा, विचारतो, 'आपल्या राज्याचं नाव काय? स्वराज्य कोणी स्थापन केलं? त्यांचा जन्म कुठे झाला?' मुलं एका सुरात 'शिवनेरी' म्हणतात, फळ्यावर पाठाचं नाव उमटतं. हेतुकथन, म्हणजे आज काय शिकायचं ते सांगणं, झालं!

या साच्याचं मूळ जर्मनीत. शिक्षणविचारक योहान हर्बार्ट (1776-1841) यांचं म्हणणं एवढंच, की नवं ज्ञान मुलाच्या जुन्या अनुभवाला जोडावं. त्यांच्या अनुयायांनी त्याची पंचपदी, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्या, केली आणि पुढे तीच आपल्या टाचणवहीत (पाठाचं नियोजन लिहायच्या वहीत) रकाने होऊन बसली.

दुसरा प्रवाह आपल्याकडचा. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिथून निघालेल्या झाकिर हुसेन समितीच्या अभ्यासक्रमात इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र वेगवेगळे नव्हते. 'सामाजिक अभ्यास' हा एकच विषय होता आणि शिकवायचा तो समवायाने, म्हणजे हातातल्या कामाशी जोडून. टकळीवर सूत काततानाच कापूस कुठे पिकतो, कापड कुठे विकलं जातं, इंग्रजी कापड का आलं, हे निघायचं. इथे शिक्षकाचं कौशल्य म्हणजे हातातल्या कामात विषय दिसणं. गाव ठाऊक नसलेल्या माणसाला ते जमणं कठीण, आणि बहुधा म्हणूनच ते फार टिकलं नाही.

तिसरा प्रवाह अमेरिकेतला. स्टॅनफर्ड विद्यापीठात 1963 च्या सुमारास ड्वाइट अॅलन आणि सहकाऱ्यांनी अध्यापनाचे तुकडे पाडले: प्रश्न विचारणं, स्पष्टीकरण, दाखले, प्रबलन (शाबासकी देऊन उत्तेजन), चेतक बदल (लक्ष टिकवायला आवाज, हालचाल बदलणं), फलकलेखन. छोट्या पाठात एका वेळी एकच कौशल्य सरावायचं, हेच सूक्ष्म अध्यापन. भारतात ते सत्तरच्या दशकात रुळलं. बी. के. पासी यांचं त्यावरचं पुस्तक 1976 चं. भारतीय चक्र 36 मिनिटांचं: 6 मिनिटं पाठ, 6 प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणं), 12 पुनर्नियोजन, मग पुन्हा 6 पाठ आणि 6 प्रत्याभरण. समोर मुलं नसतात, वर्गमित्रच चौथीतली मुलं होऊन बसतात!

सरावाला हे उत्तम, पण ही कौशल्यं कुठल्याही विषयाला चालणारी आहेत. नकाशा जमिनीवर उत्तर दिशेला लावून वाचणं, आजीला जुन्या दुष्काळाबद्दल विचारायला मुलांना पाठवणं, कालरेषा आखणं, यांना त्या यादीत जागा नव्हती.

1975 च्या राष्ट्रीय आराखड्याने प्राथमिक स्तरावर परिसर अभ्यास आणला. आपल्याकडे तिसरीला स्वतःच्या जिल्ह्याचं पुस्तक आलं. कोल्हापूरहून गडचिरोलीला नेमणूक झालेला गुरुजी मात्र तो जिल्हा मुलांबरोबर त्याच पुस्तकातून शिकायचा.