छोट्या, चपळ गाडीत बदल करण्याआधी
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

स्विफ्ट, पोलो, आय-ट्वेंटी, अल्ट्रोझ अशा गाड्या घेऊन आमच्या गॅरेजमध्ये येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: "पिकअप वाढवायचा आहे, काय करता येईल?" गाडी हौसेनं घेतलेली असते, ती आणखी आपल्या मनासारखी व्हावी असं वाटणारच. आम्हीही त्याच हौसेपायी या धंद्यात आलो. पण आमचं उत्तर दरवेळी टायर आणि ब्रेकपासून सुरू होतं. त्याचं कारण काउंटरवर घाईत सांगून होत नाही, म्हणून हे पत्रक.

आपल्या बेळगावच्या गाड्या कुठे चालतात ते आधी पाहू. सकाळी उद्यमबाग, संध्याकाळी खडेबाजारची गर्दी, शनिवारी जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला उतरून गोवा, नाहीतर चंदगडकडून आंबोली. कोल्हापूरला निघालात तर वाटेत तवंदी घाट आहेच. पावसाळ्यात खानापूर तालुक्यातला लाल चिखल मडगार्डच्या आत थर धरून बसतो. उसाचा हंगाम लागला की मागे दिवा नसलेली ट्रॉली रात्री कुठल्याही वळणावर पुढे येते. अशा रस्त्यांवर गाडी वेळेत थांबली पाहिजे आणि पुढचं नीट दिसलं पाहिजे. वेगाचं काम त्यानंतर हातात घेऊ.

टायर

२०१८ नंतरच्या स्विफ्टच्या वरच्या मॉडेलचं उदाहरण घेऊ. टायरवर १८५/६५ आर १५ असं लिहिलेलं असतं. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, आणि रिम १५ इंची. हिशेब केला तर पूर्ण चाकाचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर भरतो. टायर बदलताना हा आकडा जवळपास तोच राहिला पाहिजे. १९५/५५ आर १६ घेतलं तर व्यास जवळजवळ तेवढाच येतो. १९५/६० आर १५ घेतलं तर एक टक्का कमी. पण भरीव दिसतं म्हणून कुणी २०५/६५ आर १५ बसवलं, तर व्यास चार टक्क्यांनी वाढतो. मग मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, गाडी जड ओढते आणि पूर्ण वळण घेताना टायर आतून घासतो.

सोळा इंची रिम दिसायला सुंदर, हे खरं आहे. मात्र भिंतीची उंची १२० वरून १०७ मिलिमीटरवर येते. पाण्यानं भरलेला खड्डा जोरात बसला की तेवढ्या फरकानं टायरला फुगा येतो किंवा रिमला बाक येतो. ज्यांचं खानापूर रस्त्यावर रोजचं येणंजाणं आहे त्यांना आम्ही पंधरा इंचच ठेवायला सांगतो आणि उरलेले पैसे चांगल्या टायरवर घाला म्हणतो. १९५ रुंदीच्या टायरला निदान साडेपाच इंच रुंदीचा रिम लागतो. तुमच्या रिमवर कोरलेला 'जे' चा आकडा, म्हणजे रिमची इंचांतली रुंदी, आम्ही आधी वाचतो. तो पाच असेल तर १९५ बसवत नाही, ग्राहक आग्रह करत असला तरी.

अलॉय व्हील घेताना नटांचं अंतर जुळलं म्हणजे झालं असं समजू नका. स्विफ्टला चार नट, १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. पोलोला पाच नट, तेवढ्याच वर्तुळावर. मधलं भोकही हबवर, म्हणजे चाक जिथे बसतं त्या मधल्या भागावर, नेमकं बसावं लागतं. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं भोक मोठं असतं. तिथे योग्य मापाची रिंग घातली नाही तर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि दोष उगाच बॅलन्सिंगवर जातो.

टायर विकत घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा. ३२२३ म्हणजे टायर २०२३ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. कायद्यानं टायरची खाच १.६ मिलिमीटर खोल उरेपर्यंत चालते, पण आपल्या पावसात आम्ही ३ मिलिमीटरलाच टायर बदला म्हणतो.

ब्रेक

चोर्ला उतरताना ब्रेकवर सतत पाय ठेवला की डिस्क तापते, ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषलेलं मात्र १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की पाइपात वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. घाटात असं झालं तर दुसरी संधी मिळेलच असं नाही. आपल्याकडच्या ओलसर हवेत ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचंच, गाडी कमी चाललेली असली तरी. या पत्रकातलं सगळ्यात कमी खर्चाचं आणि सगळ्यात मोलाचं काम हेच आहे.

त्यानंतर चांगले डिस्क पॅड आणि मागच्या ड्रमची साफसफाई. रेसिंगचे पॅड मागू नका. ते तापल्याशिवाय नीट धरत नाहीत, आणि बाजारातल्या गर्दीत ते तापतच नाहीत. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचा उपयोग करा, हे सांगायला आम्हाला कंटाळा येत नाही.

शॉकअप आणि स्प्रिंग

गाडी खाली बसवायची हौस आम्हालाही होती. आमच्या स्वतःच्या स्विफ्टला आखूड स्प्रिंग बसवले होते. कंपनीची उंची १६३ मिलिमीटर, त्यातले तीसेक गेले. महिनाभर गाडी फार देखणी दिसली. मग गतिरोधकांवर पोट घासू लागलं, आणि चौघं बसून जांबोटीला निघालो तेव्हा एका खड्ड्यात पुढचा शॉकअप तळाला लागून गळायला लागला. चूक सर्वस्वी आमची होती. तेव्हापासून ग्राहकाच्या गाडीचे स्प्रिंग कापून द्यायचं काम आम्ही घेत नाही.

उलट बाजूनं, उंची वाढवायला स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर घालून मिळतात. ते घातले की तेवढे वेढे दबत नाहीत, आणि धक्का थेट स्ट्रटच्या (स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीच्या) माउंटिंगवर जातो. मागे वजन नेहमी असेल तर योग्य स्प्रिंग बसवणं बरं. ऐंशी हजार किलोमीटर झालेल्या गाडीत नवे शॉकअप, लोअर आर्मचे (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बूश आणि चाकांची नीट अलाइनमेंट एवढं केलं तरी गाडी वळणात बदललेली कळते. बरेच ग्राहक तेवढ्यावरच खूश होऊन जातात.

दिवे

हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब घालू नका. आतला आरसा हॅलोजनच्या तारेची नेमकी जागा धरून घडवलेला असतो. एलईडीचा उजेड तिथून निघत नाही, म्हणून तो विखुरतो. बसलेल्याला झगझगीत वाटतं, रस्त्यावर कमी पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. डोळे दिपवणाऱ्या दिव्यांवर कर्नाटक पोलिसांनी जुलै २०२४ पासून खास मोहीमही घेतली आहे.

आमचा उपाय साधा आहे. बल्ब कंपनीचाच, ६०/५५ वॅटचा ठेवायचा आणि बॅटरीपासून रिलेसकट (स्विचच्या इशाऱ्यावर थेट वीज सोडणाऱ्या डबीसकट) जाड वायर टाकायची. जुन्या गाडीत स्विचमधून फिरून येताना विजेचा दाब (व्होल्टेज) कमी होतो. दाब दहा टक्के घटला की हॅलोजनचा उजेड तीसेक टक्के घटतो. तेवढा परत मिळाला की दिवा बिनदिव्याची ट्रॉली आधी दाखवतो. हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर आधी ती घासून घ्या. आंबोलीच्या धुक्यासाठी खालच्या बाजूला, उजेड वर न जाणारे फॉग लॅम्प लावा.

इंजिन

टर्बो नसलेल्या इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून हाताला लागतं ते थोडंच. टर्बो गाडीत फरक खरा पडतो, पण त्याबरोबर वॉरंटीचा आणि गिअरबॉक्सचा प्रश्न येतो. पोलो जीटी टीएसआयची सात गिअरची ऑटोमॅटिक पेटी २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या ताकदीसाठी (टॉर्कसाठी) बनलेली आहे. त्याच्या जवळ गेलात की क्लचचं आयुष्य घटतं. तेल लावलेले कापडी एअर फिल्टर आपल्या धुळीत आम्ही बसवत नाही. कंपनीचा कागदी फिल्टर वेळेवर बदला. हवेचा पाइप बंपरखाली आणला तर पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी इंजिनात जाऊ शकतं, आणि मग वाकलेले कनेक्टिंग रॉड बदलावे लागतात. कॅटॅलिटिक (धुरातलं प्रदूषण कमी करणारा भाग) काढून मोकळा सायलेन्सर लावायचं काम आमच्याकडे होत नाही.

कायदा

आमच्याकडे केए, एमएच आणि जीए अशा तिन्ही नंबरांच्या गाड्या येतात. कायदा तिन्हींना एकच आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. मंजूर नसलेल्या बदलासाठी कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेत. रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओत नोंद. काचेतून पुढे-मागे ७० टक्के आणि बाजूला ५० टक्के उजेड आत आलाच पाहिजे. बसवलेल्या वस्तू विमा कंपनीला लेखी कळवा.

आतल्या सोयी

मागचा कॅमेरा, डॅशकॅम यांसाठी वायर कापू देऊ नका. कनेक्टरमधून किंवा फ्यूजमधून जोड घेता येतो. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर त्या बाजूनं शिवण उघडणारंच कव्हर घ्या. पावसाळ्यानंतर दाराखालची पाणी जायची भोकं मोकळी करून घ्या.

येताना आरसी, वॉरंटीचं पुस्तक आणि गाडी रोज कुठे चालते याची माहिती घेऊन या. काम सांगण्याआधी आम्ही गाडी तुमच्यासोबत एक फेरी चालवून पाहतो. अलॉय किंवा टायर बसवल्यावर शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा आवळून घ्यायला या. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.